चुकीच्या रिपोर्टची भरपाई मागणं म्हणजे डॉक्टरांवर राग काढणं नाही

रिपोर्ट चुकला आणि पेशंटचं नुकसान झालं तर भरपाई मागावी का, यावर हल्ली जिकडेतिकडे वाद ऐकू येतो, आणि तो इतक्या वाईट पद्धतीनं चाललाय की गप्प बसवत नाही. एक बाजू म्हणते सगळे लुटारू आहेत, सेंटरवाले डॉक्टरांना कट, म्हणजे कमिशन, देऊन पेशंट आणतात, फिल्म न बघता सही ठोकतात, यांना आत टाका. दुसरी बाजू, ज्यात माझे चांगले डॉक्टर मित्रही आले, म्हणते की अशा केसेस सुरू झाल्या तर उद्या कोणी रिपोर्टवर सहीच करणार नाही, डॉक्टर काय देव आहे का, चूक माणसाकडूनच होते. दोघंही शिक्षेबद्दल बोलतायत. ज्याचं नुकसान झालं त्याचं पुढे काय, त्याच्या ऑपरेशनचा खर्च कोणी द्यायचा, त्याची गेलेली नोकरी कोण भरून देणार, हा प्रश्न दोघांच्याही तोंडी नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यातल्या चुकीनं ज्याचं नुकसान झालंय त्यानं भरपाई मागावी, कायद्यानं मागावी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं किंवा डॉक्टरांशी वैर धरण्यासारखं काहीही नाही. उलट शरीराचा फोटो काढून निदान करणारी ही शाखा अशी आहे की इथे चुकीबद्दलचा न्याय बाकी कुठल्याही वैद्यकीय शाखेपेक्षा जास्त सरळपणे होऊ शकतो, फक्त तो करायची आपली पद्धत मोडकी आहे.

आधी डॉक्टरांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाणं बरोबर नाही. फिल्म वाचणं हे मोजमाप नसतं, ती माणसाच्या नजरेची आणि मेंदूची गोष्ट असते. १९४९ मध्ये गार्लंड नावाच्या अमेरिकन रेडिओलॉजिस्टनं (म्हणजे फिल्म वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरनं) छातीच्या एक्स-रेंचा अभ्यास मांडला, त्यात ज्या फिल्ममध्ये खरंच आजार होता अशांपैकी जवळपास ३० टक्के फिल्म अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतूनही निसटल्या होत्या. रोजच्या कामात, जिथे बहुतेक फिल्म नॉर्मलच असतात, तिथे ३ ते ५ टक्के चुका हा आकडा या विषयावरच्या लिखाणात वारंवार येतो. २०१३ मध्ये तर एक प्रयोग झाला, फुप्फुसाच्या सीटीमध्ये गोरिलाचं चित्र घालून २४ रेडिओलॉजिस्टना गाठी शोधायला सांगितलं आणि त्यातल्या २० जणांना तो गोरिला दिसलाच नाही, जो नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा होता. हे लोक निष्काळजी नव्हते, ते मन लावून गाठी शोधत होते आणि म्हणूनच दुसरं काही दिसलं नाही. त्यात भर म्हणजे आजार कळल्यावर जुनी फिल्म बघितली की कोणालाही ती गाठ दिसते, इथेच तर होती, कशी नाही दिसली? हे नंतरचं शहाणपण आहे आणि कोर्टात ते फार अन्याय करू शकतं. तेव्हा निसटलं म्हणजे हलगर्जीपणा झाला हे समीकरण मला मान्य नाही, आणि प्रत्येक चुकलेल्या रिपोर्टवर पैसे मिळालेच पाहिजेत असंही मी म्हणत नाही.

पण हे सगळं आपल्या कायद्यानं आधीच मान्य केलंय हे किती लोकांना माहितीये? सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट सांगितलं की साधी चूक किंवा निदानातला फरक म्हणजे गुन्हा नव्हे, फौजदारी कारवाईला फार मोठा हलगर्जीपणा लागतो आणि त्याआधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत हवं. पेशंट गेला म्हणून डॉक्टर दोषी असं होत नाही हेही कोर्टानं पुन्हा पुन्हा म्हटलंय. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास इतरांना ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत. म्हणजे आत टाका म्हणणाऱ्यांना कायदा साथ देत नाही आणि आम्हाला आत टाकतील म्हणणाऱ्यांची भीती कायद्याला माहिती आहे. भरपाईचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या निकालात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २०१९ च्या नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवा असा शब्द नाही म्हणून डॉक्टर आता बाहेर पडले असा युक्तिवाद घेऊन काही मंडळी मुंबई हायकोर्टात गेली होती, २०२१ मध्ये हायकोर्टानं तो फेटाळला आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही. तिथे कोणी जेलमध्ये जात नाही. तिथे एवढंच बघतात की त्या परिस्थितीत एखाद्या सर्वसाधारण जाणत्या डॉक्टरनं जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, नसेल तर नुकसान किती आणि ते कोणी भरायचं. आणि बऱ्याच डॉक्टरांचा, हॉस्पिटलांचा यासाठी विमा असतो, तो याच दिवसासाठी काढलेला असतो ना?

परळला आमच्या ओळखीच्या एका चाळीतल्या काकूंचं सांगतो. सत्तरीच्या पुढच्या, बाथरूममध्ये घसरल्या, खुब्यावर पडल्या. जवळच्या सेंटरमध्ये एक्स-रे काढला, रिपोर्ट आला फ्रॅक्चर नाही. मुका मार आहे, गोळ्या घ्या, हळूहळू चालायला लागा. काकूंना पाय टेकवेना. त्या सांगत होत्या मांडीच्या वर आतून कळ येते, सगळे म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्ही घाबरताय. सून त्यांना धरून कॉमन गॅलरीत फेऱ्या मारायला लावायची, डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणून. मग एक दिवस कट असा आवाज झाला आणि त्या जागीच बसल्या. दुसऱ्या एक्स-रेत खुब्याचं हाड तुटून सरकलेलं होतं. जे हाड आधी स्क्रू घालून जागच्या जागी धरून ठेवता आलं असतं त्याच्यासाठी आता अर्धा सांधा बदलायला लागला, मुलानं पीएफ काढला, आणि काकू जिना उतरायच्या त्या आता उतरत नाहीत. मुलगा दोन्ही फिल्म घेऊन खिडकीत उभा राहून मला दाखवत होता, पहिल्यावर बोट ठेवून म्हणाला ही बघ रेघ. मला ती रेघ दिसली असं वाटलं, पण मी आधी दुसरी फिल्म बघितलेली होती.

आता इथे न्याय काय? खुब्याचे काही फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत खरंच दिसत नाहीत, हे कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगेल. म्हणजे रेघ दिसली की नाही एवढ्यावरच भांडलं तर रेडिओलॉजिस्ट सुटूही शकतो आणि सुटायलाही हवा. पण म्हाताऱ्या बाईला पडल्यावर पाय टेकवत नाही आणि एक्स-रे नॉर्मल आहे, अशा वेळी एमआरआय किंवा सीटी करून खात्री करायची ही नेहमीची पद्धत आहे. ते कोणी सांगितलं का? फॉर्मवर पाय टेकवत नाही असं पाठवणाऱ्या डॉक्टरनं लिहिलं होतं का? फिल्म एकाच बाजूनं काढली की दोन्ही? ती कोणी वाचली, कुठे बसून वाचली, की टेक्निशियननं बघून सांगितलं आणि सही नंतर झाली? हे खरे प्रश्न आहेत, आणि यातल्या एकाचंही उत्तर काकूंच्या घरच्यांना कधी मिळालं नाही, कारण विचारायला गेल्यावर सेंटरवाल्यानं रिपोर्टच्या तळाची ओळ दाखवली, हा रिपोर्ट वैद्यकीय-कायदेशीर कामासाठी ग्राह्य नाही. लोक ती ओळ वाचून परत फिरतात. एकतर्फी छापलेल्या अशा ओळीनं काळजी घेण्याची जबाबदारी धुऊन निघत नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आणि इथेच मला या शाखेचं वेगळेपण दिसतं. ऑपरेशन थिएटरमध्ये काय झालं ते आपल्याला फक्त नोट्स सांगतात, आणि त्या नोट्स लिहिणारा माणूस तोच असतो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. पण एक्स-रे, सीटी, एमआरआय यात डॉक्टरनं जे बघितलं तेच जसंच्या तसं सीडीवर असतं, दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरनं बघितलं तरी तेच असतं. (सोनोग्राफीचं थोडं वेगळं, तिथे प्रोब फिरवताना जे दिसलं त्यातली मोजकीच चित्रं साठवली जातात.) ही गोष्ट न्यायालयांना फार लवकर कळली होती. राँटगेननं एक्स-रे शोधला नोव्हेंबर १८९५ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या कोर्टात न्यायाधीशांनी एक्स-रेची फिल्म पुरावा म्हणून घेतली. ती केससुद्धा डॉक्टरविरुद्ध भरपाईची होती आणि तीही खुब्याजवळच्या मांडीच्या हाडाचं न ओळखलेलं फ्रॅक्चर! सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, फिल्मची सीडी झाली, सीडीची लिंक झाली, आणि आपण अजून एका तज्ज्ञाला ती फिल्म देऊन, शेवटी काय झालं ते सांगून, मग विचारतो की बघा हो चूक दिसते का. हे बदलता येतं. वादातली फिल्म त्याच प्रकारच्या पंधरा-वीस दुसऱ्या फिल्ममध्ये मिसळा, नाव, तारीख, पुढचा इतिहास काढून टाका, पाच वेगवेगळ्या रेडिओलॉजिस्टना रोजच्या कामासारखी वाचायला द्या. पाचातल्या चौघांना दिसलं तर दिसायला हवं होतं. पाचातल्या चौघांचं निसटलं तर ज्याच्यावर केस आहे तो सुटला आणि मान वर करून सुटला. ज्या डॉक्टरांना नंतरच्या शहाणपणाची भीती वाटते त्यांनी तर ही मागणी सगळ्यात आधी करायला पाहिजे. आपल्याकडे पोलिसांकडची प्रकरणं जे. जे. हॉस्पिटलच्या कमिटीकडे मताला जातात, ग्राहक आयोगही सरकारी हॉस्पिटलाकडून मत मागवतात, तिथे ही पद्धत लागू करायला कुठला नवा कायदा लागतो?

आता दुसरा आक्षेप, की केसेस वाढल्या तर डॉक्टर स्वतःला वाचवणारे रिपोर्ट लिहायला लागतील, प्रत्येक ठिपक्याला सीटी करा, प्रत्येक सीटीला एमआरआय करा, आणि खर्च शेवटी पेशंटवरच येईल. अमेरिकेत हे झालं आणि तिथल्या काही राज्यांना भरपाईवर मर्यादा आणावी लागली, कॅलिफोर्नियानं १९७५ मध्येच आणली. धोका खरा आहे. पण मुंबईतले आजचे रिपोर्ट उघडून बघा. शेवटी क्लिनिकली कोरिलेट करा (म्हणजे पेशंटच्या त्रासाशी जुळवून बघा), गरज वाटल्यास पुढील तपासणी करा, अशी ओळ जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर आधीच छापलेली असते, आणि ती ज्याला खरंच पुढची तपासणी हवी आहे आणि ज्याला नको आहे त्या दोघांनाही सारखीच दिलेली असते. केसेसचा पूर येण्याआधीच हे झालंय. मग याचं कारण केसेस कसं असेल? कारण घाई आहे. एक माणूस दिवसाला किती फिल्म वाचतो, दोन-तीन सेंटरचे रिपोर्ट एकाच वेळी लॅपटॉपवर उघडून कोण बसलंय, रात्रीचा सीटी कुठल्या गावातून वाचला जातोय, हे कोणी मोजत नाही. आणि तपासणीच्या पैशातला एक हिस्सा पेशंट पाठवणाऱ्याला जात असेल तर वाचणाऱ्याच्या वेळेसाठी काय उरतं? २०१७ मध्ये राज्यानं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता, तो मसुदाच राहिला. भरपाईचा धाक फक्त रिपोर्टवर सही करणाऱ्यावर न राहता सेंटरच्या मालकावर आणि हॉस्पिटलवर आला तरच एका माणसाला किती फिल्म वाचायला लावायच्या याचा हिशोब बदलेल. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात हे म्हटलंच आहे की हॉस्पिटलविरुद्ध तक्रार करताना एकेका डॉक्टरचं नाव घातलंच पाहिजे असं नाही, आपण काळजी घेतली हे हॉस्पिटलनं दाखवायचं. रोख एका बिचाऱ्या रेडिओलॉजिस्टवरून काढून व्यवस्थेवर न्यायचं असेल तर रस्ता कायद्यानंच मोकळा ठेवलाय.

व्यवस्था म्हणतोय त्याचं एक मोठं उदाहरण बघा. २००८-०९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नावाजलेल्या हॉस्पिटलात मेंदूच्या सीटीची सेटिंग चुकली आणि जवळपास दीड वर्ष २०० पेक्षा जास्त पेशंटना ठरल्यापेक्षा सुमारे ८ पट रेडिएशन मिळत राहिलं, आणि ते उघड झालं कशावरून, तर एका पेशंटचे केस गळाले म्हणून. रोज तिथे शिकलेली माणसं होती, डोसचा आकडा स्क्रीनवर येत होता. आपल्याकडे एक्स-रे आणि सीटी मशीनवर अणुऊर्जा नियामक परिषदेचं नियंत्रण आहे, तिचं मुख्यालय इथेच अणुशक्तीनगरला आहे, पण ती मशीन आणि डोस बघते, रिपोर्ट बरोबर वाचला का हे तिचं काम नाही, आणि एमआरआय, सोनोग्राफी तर तिच्या कक्षेतच येत नाही. मेडिकल कौन्सिल डॉक्टरचं रजिस्ट्रेशन थांबवू शकते, पण पेशंटला एक रुपया देऊ शकत नाही. मग चुकीची किंमत भरून देणारा उरतो कोण? फक्त कोर्ट आणि ग्राहक आयोग. जानेवारी २०१८ मध्ये नायर हॉस्पिटलात ऑक्सिजन सिलिंडरसकट एक तरुण एमआरआय मशीनकडे खेचला जाऊन गेला तेव्हा सगळी मुंबई हादरली, दुसऱ्या दिवसापर्यंत सरकारनं मदत जाहीर केली, गुन्हा दाखल झाला. कारण ते दिसलं. चुकीच्या रिपोर्टनं जे नुकसान होतं ते असं दिसत नाही, ते सहा महिन्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलात दुसऱ्या नावाच्या आजारानं समोर येतं, आणि तोपर्यंत पहिली फाइल माळ्यावर गेलेली असते.

डॉक्टरांशी वैर म्हणणाऱ्यांना मला एक इतिहास आठवून द्यावासा वाटतो. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं, एक्स-रे काढले, आणि पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवायचा प्रयत्न झाला, त्याच रात्री मुलगा गेला. भरपाईचा दावा लावला बापानं, आणि तो बाप स्वतः डॉक्टर होता. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९६८ मध्ये, रक्कम ३,००० रुपये. डॉक्टरची कर्तव्यं काय, हे आजही वकील त्याच निकालातून वाचून दाखवतात. आणि देशातली सगळ्यात गाजलेली भरपाई, कोलकात्याच्या साहा प्रकरणातली ५ कोटी ९६ लाखांची, बायको गेली १९९८ मध्ये, निकाल २०१३ मध्ये, तिथेही तक्रार करणारा नवरा डॉक्टरच! आतली माणसंच जेव्हा दुखावली गेली तेव्हा त्यांनी हाच रस्ता धरला, मग चाळीतल्या माणसानं धरला की तो लगेच ब्लॅकमेल कसा होतो? या इतिहासातून दुसरी गोष्ट दिसते ती जास्त अस्वस्थ करणारी आहे. पालशेतला १५ वर्षं, साहा प्रकरणात १५ वर्षं, आणि औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात १९६३ मध्ये ऑपरेशनच्या वेळी पोटात कापड राहून गेलेल्या बाईच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ३६,००० रुपये कायम केले १९९६ मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी. २०१९ चा कायदा म्हणतो की तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत लावायचा प्रयत्न करा. वांद्र्याच्या किंवा परळच्या ग्राहक आयोगात तारखा घेत फिरणाऱ्या कोणालाही विचारा. ही दिरंगाई डॉक्टरालाही पिळून काढते, दहा वर्षं डोक्यावर केस घेऊन रोज फिल्म वाचायच्या म्हणजे काय होत असेल.

म्हणून मला वाटतं की लहान आणि मध्यम नुकसानासाठी दोष सिद्ध करण्याची अटच काढून टाकावी. हे ऐकून लोक दचकतात, पण मुंबईकर तर हे रोज बघतो. लोकलमधून पडून माणूस गेला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, आत्महत्या नव्हती, दारू प्यालेला नव्हता, गुन्हा करत नव्हता, प्रवासी होता, एवढं पुरतं, आणि २०१७ पासून मृत्यूची रक्कम ८ लाख आहे. मोटरमन जेलमध्ये जात नाही, गार्डवर कोणी हात टाकत नाही, रेल्वे बंद पडलेली नाही. न्यूझीलंडनं १९७४ पासून अपघातांसाठी अशीच योजना चालवलीये आणि उपचारातून झालेली इजाही तिच्यात येते, स्वीडननं १९७५ पासून पेशंटसाठी विमा केला. त्याची किंमत आहे, न्यूझीलंडमध्ये त्या बदल्यात साधारणपणे नुकसानीचा दावा करता येत नाही, आणि ठरलेली रक्कम प्रत्येकाच्या नुकसानीएवढी नसते. आपल्याकडे कोर्टाचा रस्ता बंद करून हे आणू नये, दोन्ही ठेवावं. प्रत्येक सीटी-एमआरआयच्या बिलातून थोडी रक्कम राज्याच्या एका निधीत गेली, आणि काकूंसारख्या पेशंटला रेघ दिसली की नाही या वादात न पडता वर्षभरात दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च मिळाला, तर त्या घरात डॉक्टरबद्दल एवढा राग तरी उरला असता का? डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांचं समर्थन कुठल्याही कारणानं होऊ शकत नाही. राज्यात त्याविरुद्ध २०१० पासून कायदा आहे तरी मारहाणी थांबलेल्या नाहीत, आणि ज्याला विचारायला, ओरडायला, मागायला कुठलाच दरवाजा नाही तो माणूस कॅज्युअल्टीच्या दारात ओरडतो, हे नुसत्या कायद्यानं थांबणार नाही.

हे होईपर्यंत जे आहे ते तरी वापरा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. मुंबईत १९९३ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका नर्सच्या पोटात गॉज राहिल्याचं २००२ मध्ये सीटीनंतरच्या ऑपरेशनमधून कळलं, तरी सुप्रीम कोर्टानं तिची तक्रार मुदतीबाहेरची ठरवली, इतकी वर्षं दुखत असताना डॉक्टरकडे परत का गेली नाहीस म्हणून. मला तो निकाल कठोर वाटतो, पण तो आहे, तेव्हा दुखतंय तर परत जा आणि गेल्याचा कागद ठेवा. नियमाप्रमाणे मागितल्यावर रेकॉर्ड ७२ तासांत मिळायला हवं, इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायला हवं, आणि रेकॉर्ड मागण्याचा पेशंटचा हक्क मुंबई हायकोर्टानं १९९६ च्या सुमारास रहेजा प्रकरणात ठामपणे मान्य केलाय. नुसता रिपोर्टचा कागद घेऊन घरी येऊ नका, सीडी मागा, रेफरल फॉर्मची झेरॉक्स मागा, कारण तुम्ही काय त्रास सांगितला होता हे त्या फॉर्मवरच कळतं. गरोदर बाईंच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे तर फारच महत्त्वाचं, कारण तिथे निसटलेलं व्यंग नंतर कळलं तर गेलेली गोष्ट म्हणजे वेळ, गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठराविक गटांना २४ आठवडे आणि त्यापुढे फक्त गंभीर व्यंगासाठी मेडिकल बोर्ड. सोनोग्राफी करणाऱ्यांना गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्याखाली फॉर्म एफच्या एकेका रकान्याचा हिशोब द्यावा लागतो, त्या कायद्याची गरज होती आणि आहे, पण त्याच स्कॅनमध्ये हृदयाचे कप्पे नीट बघितले का याचा हिशोब मागणारं कोणीच नाही.

शेवटी ज्यांच्यासाठी हे सगळं सगळ्यात जास्त लागतं त्यांच्याबद्दल. शांता निकालात एक भोक राहिलं. जिथे सगळ्यांना पूर्ण मोफत सेवा मिळते, नुसता केसपेपरचा नाममात्र आकार घेतात, अशी सरकारी हॉस्पिटलं ग्राहक कायद्याच्या बाहेर आहेत. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, ती मात्र आत आहेत, आणि तिथला मोफत पेशंटही आत आहे. केईएम, सायन, नायरला केसपेपर काढून पहाटेपासून लाइनीत बसणारा माणूस सीटी-एमआरआयसाठी बाजारापेक्षा कमी असले तरी पैसे भरतो, त्याची पावती त्याच्या खिशात असते. मग तो ग्राहक आहे की नाही? माझ्या मते आहे. पण हे प्रत्येक पेशंटनं एकेकट्यानं कोर्टात जाऊन सिद्ध करायचं, पालिकेच्या वकिलासमोर, ही अपेक्षाच चुकीची आहे. पालिकेनं आणि राज्य सरकारनं स्वतःहून लेखी जाहीर करावं की आमच्या हॉस्पिटलातल्या तपासणीच्या चुकीबद्दल भरपाई मागताना मोफत सेवेचा बचाव आम्ही घेणार नाही, आणि तो कागद प्रत्येक एक्स-रे विभागाच्या खिडकीवर मराठीत लावावा.